यादी ग्रुपवर आली, पेपर दप्तरातच राहिला

"माझी मुलगी दुसरीत आहे. महिन्यापूर्वी सात पूर्ण झाली, वर्गात तीच सगळ्यांत लहान. गेल्या आठवड्यात तिच्या वर्गशिक्षिकेनं गणिताच्या चाचणीचे गुण पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. हातानं लिहिलेल्या यादीचा फोटो, अठ्ठावीस मुलांची नावं आणि पुढे गुण. माझ्या मुलीला वीसपैकी अकरा. तिच्या खाली तीनच नावं. मी कामावर होते. संध्याकाळपर्यंत दोघीजणींचे फोन येऊन गेले, 'काळजी करू नका, लहान आहे अजून' म्हणून. घरी गेल्यावर मी तिला मुद्दामच विचारलं, किती मिळाले? ती म्हणाली, अठरा. मला इतका राग आला की तो यादीचा फोटोच तिच्यापुढे धरला. ती बराच वेळ बघत राहिली आणि न जेवता झोपली. दुसऱ्या दिवशी पेपर दप्तराच्या तळाशी सापडला, घड्या घालून. त्याचा फोटो पाठवते आहे. अकरा म्हणजे ती मागे पडतेय का? शाळेत तक्रार करू का? आणि हे खोटं बोलणं मी कसं घेऊ? पुढच्या शुक्रवारी पालकभेट आहे, दहा मिनिटं मिळतात. — एक आई"

ताई,

तुमचं पत्र वाचून झाल्यावर मी आधी पेपरचा फोटो मोठा करून बघितला. सव्वीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलंय, त्यामुळे हात आपोआप तिकडे गेला. आज रात्री ती झोपली की तुम्हीही तो पेपर पुन्हा उघडा आणि माझ्याबरोबर बघा.

वजाबाकीचा प्रश्न घ्या. ४८ वजा २५, बरोबर. ६७ वजा ३४, बरोबर. मग ५२ वजा २७, तिचं उत्तर ३५. ६१ वजा ३८, उत्तर ३७. ४३ वजा १६, उत्तर ३३. ८० वजा ४५, उत्तर ४५. चारही चूक, चारींवर लाल फुली, प्रत्येकी दोन गुण गेले. आता तिनं काय केलंय ते बघा. दोनातून सात जात नाहीत, म्हणून तिनं सातातून दोन घालवले. एकातून आठ जात नाहीत, म्हणून आठातून एक. मोठा अंक वर असो की खाली, तिनं त्यातून लहान अंक काढला, आणि चारही वेळा हाच नियम न चुकता पाळला. वजाबाकीची रीत तिला येते, हातचा कधी घ्यायचा एवढंच उमगलेलं नाही. हातच्याची वजाबाकी शिकताना ठिकठिकाणची मुलं हीच चूक करतात. अनुभवी शिक्षक ती लांबून ओळखतात.

उरलेला एक गुण 'एकोणसाठ' अंकात लिहिण्याचा. तिनं ६९ लिहिलंय. कानावर 'साठ' पडलं, नऊ असणार हे ठाऊक होतं, दोन्ही जोडून मोकळी झाली. आपल्या भाषेतल्या या एकोणतीस-एकोणचाळीसांनी किती पिढ्यांना चकवलंय याची गणती नाही.

म्हणजे गेलेल्या नऊ गुणांतले आठ एकाच गैरसमजापोटी गेलेत, आणि तो गैरसमज दोन-तीन आठवड्यांत सुटण्यासारखा आहे. यादीतून हे तुम्हाला कळलं का? वर्गात आणखी कुणाला अकरा असतील तर त्या मुलाची अडचण अगदी वेगळी असू शकते. त्याला कदाचित प्रश्न वाचताच येत नसतील, किंवा मधेच बाहेर बघत बसल्यानं शेवटचं पान कोरं राहिलं असेल. यादीत मात्र दोघं एका ओळीत उभे. माझी शाळांबद्दलची खरी तक्रार इथे आहे. पालकांना निकाल कळलाच पाहिजे, लपवून काही साधत नाही. पण सात वर्षांच्या मुलाचा निकाल म्हणजे त्याचा पेपर. गुणांचा आकडा हा त्यातला सगळ्यांत कमी कामाचा भाग, आणि तुम्हाला नेमका तेवढाच मिळाला. तुमच्याबरोबर आणखी सत्तावीस घरांना मिळाला.

"मागे पडतेय का" याचं उत्तर एका चाचणीवरून कुणीच देऊ नये, आणि त्यामागे साधं गणित आहे. समजा, एखाद्या मुलाची तयारी अशी आहे की त्याला त्या धड्यातलं कुठलंही उदाहरण घातलं तर दहांतली आठ येतील. अशा मुलाला दहा उदाहरणांची चाचणी पुन्हा पुन्हा दिली तर त्याला दर वेळी आठ मिळणार नाहीत. साधारण आठांत एकदा त्याला सहा किंवा त्याहून कमी मिळतील, आणि नऊ-दहांत एकदा पैकीच्या पैकी. मूल तेच, तयारी तीच. त्यात झोप, सर्दी, पेन्सिलीचं मोडलेलं टोक हे काही धरलेलंच नाही. मग दोन-तीन गुणांच्या फरकावरून मुलांना वरखाली लावणारी यादी कितपत भरवशाची, तुम्हीच सांगा.

त्यात तिचं वय. एका वर्गात सगळ्यांत मोठं आणि सगळ्यांत लहान मूल यांच्यात जवळजवळ वर्षाचं अंतर असतं. सात वर्षांच्या मुलीच्या बाबतीत ते तिच्या आजवरच्या आयुष्याचा सातवा हिस्सा झाला. वर्गातल्या लहान वयाच्या मुलांना सुरुवातीच्या इयत्तांत सरासरीनं कमी गुण पडतात, हे अनेक देशांत दिसून आलंय, आणि वय वाढेल तशी ही तफावत कमी होत जाते. तुमच्या त्या दोन मैत्रिणी 'लहान आहे अजून' म्हणाल्या ते बरोबरच होतं. फक्त ते त्यांनी तुम्हाला फोन करून सांगण्याची वेळ यायला नको होती.

काळजी कधी करायची तेही सांगते. महिनोन्‌महिने त्याच त्या अक्षरांवर ती अडखळत असेल, फळ्यावरचं उतरवताना चुकत असेल पण पुस्तकातलं नीट उतरवत असेल, एकदा सांगितलेलं तिला नेहमी पुन्हा सांगावं लागत असेल, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या, मग शिक्षिकांशी सविस्तर बोला. पेपरवरून तरी मला तसं काही दिसत नाही.

आता यादीकडे येते. याबद्दल मी अधिकारानं बोलते, कारण मीही हेच केलंय. माझ्या काळी फोन नव्हते. मी तपासलेले पेपर गुणांच्या उतरत्या क्रमानं लावायची आणि नावं पुकारून वाटायची. पहिल्या मुलाला टाळ्या. मला वाटायचं, यानं चुरस लागते. एका वर्षी माझ्या लक्षात आलं की शेवटचे चार-पाच पेपर उरले की ती चार-पाच मुलं नाव पुकारायच्या आतच उठून टेबलापाशी येऊन उभी राहतात. त्यांना ठाऊकच असायचं. त्यातल्या एकानं पेपर घेतला, न बघता दुमडला आणि खिशात घातला. माझी आठवड्याभराची तपासणी, समासात लिहिलेल्या सूचना, सगळं त्या खिशात गेलं. दुसऱ्या चाचणीपासून मी पेपर हजेरीच्या क्रमानं, पालथे घालून वाटायला लागले. इतकी वर्षं ते का सुचलं नाही, याची खंत अजून जात नाही.

तुमच्या मुलीनं घड्या घातलेला पेपर मला त्या खिशातल्या पेपरासारखाच वाटतो.

जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या रूथ बटलर यांनी १९८८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. अकरा वर्षांच्या आसपासची मुलं होती. काहींना केलेल्या कामावर फक्त गुण दिले, काहींना फक्त लेखी शेरा, आणि काहींना दोन्ही. नंतरच्या कामात सुधारणा दिसली ती फक्त शेरा मिळालेल्यांत. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेली मुलं नुसते गुण मिळालेल्यांच्याच रांगेत राहिली. आकडा दिसला की डोळे शेऱ्यावर जातच नाहीत, असा मी त्याचा अर्थ लावते, कारण तो वर्गात रोज दिसायचा. मोठ्यांचंही तसंच होतं. तुम्हाला यादीबरोबर चार ओळी लिहून आल्या असत्या तरी तुम्ही आधी अकराच वाचले असते.

नॉर्वेत पहिली सात वर्षं गुण देतच नाहीत, आणि डेन्मार्कमध्ये आठवीपासून देतात. पण म्हणून पालक अंधारात राहतात असं नाही. नॉर्वेत वर्षातून किमान दोनदा शिक्षकांनी पालकांशी ठरवून, तयारी करून बोलायचं असतं. मूल काय करतं, कुठे अडतं, पुढे काय करायचं. गुण देणाऱ्या शाळेलाही हे करायला कुणाची आडकाठी नाही.

आकडा चारचौघांत गेला की त्याच्यावरचा भरवसाही कमी होतो. इंग्लंडमध्ये २०१२ पासून पहिलीच्या मुलांची वाचनाची एक छोटी तपासणी घेतात. चाळीस शब्द, त्यातले वीस खरे आणि वीस मुद्दाम बनवलेले, शिक्षक एकेका मुलाला समोर बसवून वाचून घेतात. पार होण्यासाठी बत्तीस शब्द लागत. पहिली दोन वर्षं हा बत्तीसचा आकडा शिक्षकांना आधीच माहीत होता, आणि निकालाच्या आलेखात एकतीसवर अगदी थोडी मुलं आणि बत्तीसवर एकदम मोठी झुंबड दिसली. २०१४ पासून तो आकडा तपासणी संपेपर्यंत शिक्षकांना सांगेनासे झाले. मी त्या शिक्षकांना लबाड म्हणणार नाही. समोर सहा वर्षांचं लेकरू एका शब्दावर अडलंय, आणि त्या एका शब्दावर त्याच्या घरी जाणारा निकाल ठरणार आहे, अशा वेळी कान जरा उदार होतोच. तुमच्या ग्रुपवर दर महिन्याला यादी येत राहिली तर चौथ्या महिन्यात तीही अशीच उदार झालेली असेल. मग मुलीला खरंच काय येत नाही हे कुणालाच कळणार नाही.

खोटं बोलण्याबद्दल मात्र तुम्हाला थोडं बोलणार आहे, राग मानू नका. गुण माहीत असताना तुम्ही तिला विचारलंत. ती खरं बोलते का ते तुम्हाला बघायचं होतं. एका दिवसात तिची दुसरी परीक्षा घेतलीत आणि त्यातही ती नापास झाली. अठरा हा आकडा तिनं कुठून आणला असेल? अठरा सांगितले की घरात काय होतं आणि अकरा सांगितले की काय होतं, एवढा अंदाज सातव्या वर्षी पक्का झालेला असतो.

अमेरिकेत क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ साली पाचवीतल्या मुलांवर केलेले काही प्रयोग प्रसिद्ध केले. मुलांनी कोडी सोडवली. मग काहींना सांगितलं, 'तू हुशार आहेस', आणि काहींना, 'तू मेहनत घेतलीस'. पुढची कोडी मुद्दाम अवघड दिली, सगळ्यांचेच गुण घसरले. नंतर मुलांना सांगितलं, दुसऱ्या शाळेतल्या एका अनोळखी मुलासाठी या कोड्यांबद्दल लिहा, तुम्हाला किती मिळाले तेही लिहा. ज्यांना 'हुशार' म्हटलं होतं त्यांच्यातल्या दहांमधल्या जवळजवळ चौघांनी गुण वाढवून लिहिले. मेहनतीचं कौतुक झालेल्यांत असं करणारी मुलं आठांत एक अशा हिशेबात होती. कधी भेटणारही नाही अशा मुलापुढे ही गत, मग आईपुढे काय होईल! गुण म्हणजे आपली किंमत असं मुलाला वाटलं की ते गुण वाढवून सांगतं. तिला वळण लावायचंच असेल तर ते या समजुतीला लावा.

त्या संध्याकाळचं काही उरलेलं असेल तर ते तुम्हीच मिटवा. ती होऊन विषय काढणार नाही. जेवताना किंवा झोपवताना एवढंच म्हणा, "त्या दिवशी मला गुण आधीच माहीत होते, तरी मी तुला विचारलं. तसं विचारायला नको होतं. आणि तो फोटो तुझ्यासमोर धरायला नको होता." तिनं काही उत्तर दिलं नाही तरी चालेल. 'पण तूही खोटं बोललीस' हे शेपूट लावू नका. ते तिला माहीत आहे.

तक्रारीचं म्हणाल तर आधी शिक्षिकांशीच बोला, आणि ग्रुपवर तर मुळीच लिहू नका. जे मुलांचं चव्हाट्यावर येऊ नये असं आपल्याला वाटतं, ते शिक्षिकांचंही येऊ नये. त्यांच्या जागी बसून बघा. अठ्ठावीस मुलं, प्रत्येकी दहा मिनिटं धरली तरी दोनशे ऐंशी मिनिटं होतात, जवळजवळ पावणेपाच तास. फोटो टाकायला अर्धं मिनिट लागतं. त्यात रोज आठ-दहा पालक 'गुण कधी कळणार' म्हणून विचारत असणार. बहुतेक शिक्षक यादी टाकतात ते दमून टाकतात, दुष्टपणानं नाही. त्यांना साधा निरोप पाठवा:

"मॅडम, शुक्रवारी भेटायला येते आहे. दोन गोष्टी बोलायच्या होत्या. एक, तिची हातच्याची वजाबाकी. पेपरमध्ये चार ठिकाणी एकच चूक दिसतेय, ती घरी कशी घ्यायची ते तुमच्याकडून समजून घ्यायचंय. दुसरं, तिचे गुण यापुढे फक्त आम्हाला कळवता आले तर बरं होईल. यादी बघून ती फार हिरमुसली."

यात आरोप नाही, पण मागणी स्पष्ट आहे. बहुतेक वेळा एवढ्यानं काम होतं. नाही झालं तर मुख्याध्यापकांकडे लेखी द्या. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्कांच्या करारात सोळावं कलम मुलांच्या खासगीपणाचं आहे. तेव्हा हे आईचं हळवेपण आहे असं कुणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका. त्याच पत्रात सोपा पर्यायही सुचवा: पेपर आधी मुलाच्या हातात, मग तोच पेपर सहीसाठी घरी, आणि वर शिक्षकांची एक ओळ. 'हातचा घेताना अडते, बाकी वजाबाकी छान.' ही ओळ लिहायला दोन मिनिटं धरली तर अख्ख्या वर्गाचा तासाभराचा जादा वेळ. पालकभेटीही एकाच दिवशी कोंबायला नकोत. आठवड्याला सात मुलं घेतली तर महिन्यात वर्ग पुरा होतो आणि दहाऐवजी पंधरा मिनिटं मिळतात.

शुक्रवारच्या दहा मिनिटांत 'वर्गात कितवी?' हे विचारू नका. ते उत्तर घेऊन घरी येऊन तुम्ही काय करणार? त्याऐवजी विचारा, तिला काय आवडीनं करताना दिसतं, कुठे थांबते, थांबली की मदत मागते की गप्प बसते. हा शेवटचा प्रश्न नक्की विचारा. न कळलेलं विचारायला लाजणाऱ्या मुलाची चूक चार महिने कुणाच्या नजरेला पडत नाही. आणि शाळेची हरकत नसेल तर मुलीला बरोबर न्या. निदान शेवटची पाच मिनिटं ती तिथे असू दे. तिच्याबद्दल दोन मोठी माणसं बंद दाराआड काय बोलली याची कल्पना ती घरी बसून करेल, ती बोलण्यापेक्षा फार वाईट असेल.

तोवर घरी एवढं करा. काड्या घ्या, दहा-दहांच्या जुड्या बांधा, रबर लावून. पाच जुड्या आणि दोन सुट्या तिच्यापुढे ठेवा आणि सत्तावीस मागा. ती दोन सुट्या देईल आणि थांबेल. तुम्हीही थांबा, सांगू नका. कधीतरी ती स्वतःच एका जुडीचं रबर काढेल. त्या दिवशी कागद-पेन्सिल काढू नका, आणखी दोन-तीन दिवस जुड्याच सोडू द्या. नंतर वहीत ५२ लिहून तिला विचारा, आत्ता कुठली जुडी सोडलीस ते यात दाखव. 'एकोणसाठ'साठी एकोणसाठ काड्या मोजायला सांगा. साठ व्हायला एक काडी कमी पडते हे हाताला कळलं की शब्दही कळतो.

तीन आठवड्यांनी हीच चार उदाहरणं कोऱ्या कागदावर द्या, गुण घालू नका, आणि तिनं काय लिहिलं ते मला जरूर कळवा.